बेदाण्याच्या सुरकुत्या

सांगली

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या लॅबमध्ये तुझी निवड झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. मशीन किती किलोव्होल्टचं आहे, तेही तिनं घोकून ठेवलंय! त्या आकड्याचं कौतुक मला कमीच. मशीनमध्ये जाण्याआधी नमुन्याचे काय हाल होतात, तिकडे तू लक्ष घाल.

तासगावच्या तुमच्या शेडवर लहानपणापासून बघतेस ना? घड डिपिंगच्या द्रावणात बुडवायचे, जाळीवर पसरायचे, पाणी उडालं की झाला बेदाणा. पेशीची गत तीच. ग्लुटराल्डिहाइड या रसायनानं ती जागच्या जागी धरायची, ऑस्मियम या दुसऱ्या रसायनानं तिची पटलं, म्हणजे पातळ आवरणं, गडद करायची, मग अल्कोहोलची तीव्रता वाढवत नेऊन पाणी काढायचं नि रेझिन भरायचं. मशीनच्या आत निर्वात पोकळी, ओली पेशी तिथं टिकायची कशी? तेव्हा आपण बघतो तो बेदाणाच. त्याच्या सगळ्या सुरकुत्या द्राक्षाच्या नावावर खपवू नकोस.

भलेभले इथं फसलेत. जिवाणूंच्या पटलाला आत वळलेल्या घड्या दिसल्या, त्यांचं 'मेसोसोम' असं बारसं झालं, कामंही नेमून दिली. पुढं रसायनं न घालता नमुने झटक्यात गोठवून पाहिले, तर घड्या गायब. अकरावीला तूही त्या पाठ केल्या असशील.

हे गोठवणं नीट शिकून घे. द्रव इथेनमध्ये पाणी इतक्या चटकन गोठतं, की बर्फाचे स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही; ते काचेसारखं राहतं. ड्यूबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी. आता तर गोठवलेल्या पेशीचा पातळ काप थोडा थोडा कलता करत फोटो घेतात आणि त्यातून आतला रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा इवला कण, त्याच्या जागेवर, त्रिमितीत उभा करतात.

पण तुला आधी बसवतील मायक्रोटोमवर, म्हणजे रेझिनमधल्या नमुन्याचे पातळ काप काढायच्या यंत्रावर. काचेच्या सुरीला लागून इवलंसं पाण्याचं कुंड असतं, काप त्यावर तरंगत येतात. रंग बघायचा: चंदेरी म्हणजे 60 ते 90 नॅनोमीटर, उत्तम. सोनेरी दिसायला झकास, पण जाड.

आणि कापांना लेड सायट्रेटचा (शिशाच्या क्षाराचा) रंग देताना तोंडावर मास्क ठेव, बशीत कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेव. मी ओणवा होऊन, श्वास सोडत काम करायचो. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं लेड कार्बोनेटचे काळे ठिपके बसले आणि मी ते विषाणू समजून चार दिवस मोजत बसलो. गाइडनी एक शब्द न बोलता माझ्यापुढं त्या गोळ्यांची बाटली ठेवली.

ऑस्मियम मात्र फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडायचं नाही. त्याची वाफ पेशीच्या पटलांसारखंच डोळ्याच्या बुबुळालाही काळं करते. यात हयगय नको.

सुट्टीत आलीस की फोटो घेऊन ये, बिघडलेले आधी. आणि बाबांना सांग, या खेपेला बेदाणा हिरवा पाठवा. मागचा फार काळपट होता.

तुझे,
सर