जुन्या पिकअपमधला ‘खट्’ आवाज

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये गिअर टाकताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो आणि फोर-व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते. गिअरबॉक्स उघडावा का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : गिअरबॉक्स उघडण्याची घाई कृपया करू नका. सपाट जागी इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब दांडा) हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये (अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्यात) ढिलेपणा जाणवला किंवा त्याच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली, तर आवाजाचे मूळ बहुधा तिथेच आहे. अडखळण्याचे कारण वेगळे आहे. अशा बहुतेक जुन्या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे वळताना पुढच्या चाकांनी कापलेल्या जास्तीच्या अंतराचा ताण कोरड्या डांबरावर साठत जातो. फोर-व्हील केवळ चिखलात किंवा पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या शेतवाटेवरच लावावे.