शाळेची बाग आणि जुनी गिरणी: पहिल्या वर्षी एवढंच करा

शाळेच्या बागेतून परिसरातल्या जुन्या गिरणी-कारखान्याची गोष्ट मुलांना सांगायची म्हणता; उत्साह दांडगा आहे तुमचा, पण पहिल्याच वर्षी प्रदर्शन, भित्तिचित्र आणि बाग असं सगळं एकदम काढू नका. एक वाफा, एक गोष्ट. पुरे.

गोष्ट आधी ठरवा, रोपं नंतर. परिसरात कापडगिरणी होती? मग कापूस लावा, सोबत रंगासाठी झेंडू. कापसाची बोंडं फुटून वेचणीला यायला पाच-सहा महिने जातात आणि तेवढा दम मुलांना निघत नाही. म्हणून शेजारी मुळा पेराच. तो चार-पाच दिवसांत उगवतो, महिन्याभरात उपटायला येतो. पहिलं बोंड फुटलं की मुलांना हातानं सरकी काढायला बसवा. तंतू सरकीला असा चिवट धरून असतो की बराच वेळ खटपट करून चिमूटभर कापूस हाती येतो. सरकी काढायला यंत्र का लागलं, हे मग समजावत बसावं लागत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जुन्या कारखान्याच्या आवारातली माती न तपासता वापरणं. तिच्यात शिसं असू शकतं. मी सरळ बाहेरची चांगली माती भरून उंच वाफे करते.
- निवृत्त कामगारांना फक्त उद्घाटनाच्या खुर्चीत बसवणं. त्यांना मुलांमध्ये बसवा, हत्यारं हातात देऊ द्या. ‘भोंगा झाला की काय करायचात?’ एवढा एकच प्रश्न तासभर पुरतो.
- सुट्टीत पाणी कोण घालणार हे न ठरवणं. माझा पहिला वाफा असाच करपला.

भित्तिचित्राचं पुढच्या वर्षी बघू.