"मी बाहेर गेलो तर तिचं कोण बघणार?"

समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच अंदाज येतो. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाचा नवरा, आजार वेगवेगळे, पण सांभाळणाऱ्याची अवस्था एकच. झोप नाही, पाठ धरलेली, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, आणि चिडून झालं की रात्रभर स्वतःला दोष देत बसायचं. त्यातल्या एका काकांबद्दल आज लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका बँकेतून रिटायर झालेले, सत्तरीच्या आसपास. काकूंना अल्झायमर. मुलगी कॅनडात, घरात दोघंच. धुणंभांड्याला बाई येते, बाकी अंघोळ, भरवणं, डायपर, रात्री उठून दाराची कडी लागलीये का बघणं, सगळं काकांकडे. मुलीने व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा बघितला आणि हट्टाने माझ्याकडे पाठवलं. ते आले तेच एक वही घेऊन. काकूंनी किती वाजता काय खाल्लं, पोट कधी साफ झालं, कुठली गोळी थुंकली, सगळं सुवाच्य अक्षरात. मी विचारलं, "आणि तुमची बीपीची गोळी?" तर म्हणाले, "हां, ती संपलीये. आणायचीये." कधी संपली ते काही त्यांना आठवेना.

खरं दुखणं वेगळंच होतं. संध्याकाळ झाली की काकू साडी-टॉवेल पिशवीत भरून दाराशी उभ्या, "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल." काका समजावणार की अगं हेच आपलं घर, तुझी आई जाऊन किती वर्षं झाली. मग काकू आणखी बिथरणार. एकदा काकांनी त्यांना दंड धरून खाली बसवलं, बोटं उमटली दंडावर. हे सांगताना ते ओक्साबोक्शी रडले. "जिने चाळीस वर्षं माझं सगळं केलं तिला मी असं..."

संध्याकाळी बेचैनी वाढणं हे या आजारात खूप पेशंटमध्ये दिसतं, काकू काही काकांना त्रास द्यायला तसं करत नाहीत, हे आधी आम्ही नीट बोललो. वाद घालायचा नाही. "चला, चहा घेऊ आणि निघू" म्हणायचं, जमलं तर बिल्डिंगला एक फेरी मारून आणायची. हे त्यांना जमायला लागलं.

पण मदतीचं नाव काढलं की काका आडवे. ब्युरोची बाई नको, मेहुणी येते म्हणाली तर तीही नको. "मॅडम, हिने माझ्या आईचं अंथरुणात सगळं केलं, एका शब्दाने कुणाला काही म्हणाली नाही. आता माझी पाळी आहे."

इथे बहुतेक लोक सांगतात, स्वतःसाठी वेळ काढा, योगा करा. मी नाही सांगत, कारण थकलेल्या माणसाला ते अजून एक काम वाटतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली, 1955 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडायला सुरुवात केली ती. ती मला एवढंच करायला शिकवते, की माणसाने स्वतःला कुठली अट घातलीये ते शोधायचं आणि मग ती खरी आहे का ते त्याच्याबरोबर तपासायचं. काकांची अट होती की तिने एकटीने केलं, मीही एकट्याने करायला हवं.

म्हणून मी म्हटलं, "काका, आई अंथरुणाला होत्या तेव्हा घरात दिवस कसा जायचा, सांगा ना."

ते रंगात येऊन सांगायला लागले. अंघोळीला कोण? "माझी बहीण यायची, दोघी मिळून घालायच्या." रात्री? "मी आणि भाऊ आलटून पालटून." जेवणाचं? "शेजारच्या वहिनी भाजी पाठवायच्या कितीदा. आणि गुरुवारी हिचं भजन असायचं, तेव्हा मी बँकेतून लवकर..." आणि काका थांबले.

"गुरुवारी त्या भजनाला जायच्या?"

"जायचीच. मी चिडायचो, आई अशी पडलीये आणि तुला टाळ सुचतात."

"मग त्या काय म्हणायच्या?"

"म्हणायची, दोन तास द्या मला, आल्यावर मी परत तुमच्या आईची."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट चांगली जमायला लागली असेल तर ती ही, की अशा वेळी मध्ये पडायचं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे हिने एकटीने नव्हतंच केलं."

त्यानंतर मला फार काही करावं लागलं नाही. हे तेव्हापासून मी कितीतरी घरांत पडताळून पाहिलंय. ज्यांच्या सेवेचं उदाहरण आपण डोळ्यासमोर ठेवतो, त्यांच्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं, आणि आपण मात्र टू बीएचकेत एकटे तेवढंच करायला जातो आणि जमलं नाही की स्वतःला नालायक ठरवतो. 2023 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), असल्याचा अंदाज आहे, म्हणजे हे काका काही अपवाद नाहीत. आणि सुनांसाठी मुद्दाम सांगते, ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्यात जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नातीवर टाकलीये, सुनेचं नाव त्यात नाही. तुम्ही प्रेमाने करताय ते मोठंच आहे, पण नवऱ्याला आणि नणंदेला वाटा उचलायला सांगताना खाली मान घालू नका.

काकांकडे आता सकाळी ब्युरोची बाई येते. सुरुवातीला ते तिच्या शेजारी उभे राहून सूचना द्यायचे, मग वही तिच्या हातात दिली. मुलगी तिकडून औषधं ऑर्डर करते, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेते. काकूंचा आजार वाढतोच आहे, तो थांबणार नाही. काका अजूनही चिडतात, पण चिडले की बाल्कनीत जाऊन उभे राहतात.

तुमच्याकडेही असं कुणी असेल तर पेशंटच्या वहीत तुमच्या स्वतःच्या गोळ्याही लिहा. पेशंट एक-दोन दिवसांत अचानक खूपच भांबावला, तर वाढलेला आजार म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठताही असू शकते, लगेच डॉक्टरांना दाखवा. हात उगारला जातोय किंवा जगूच नये असं वाटतंय, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि जे लांबून बघताय त्यांनी "काही लागलं तर सांगा" म्हणणं बंद करा, कारण थकलेला माणूस सांगत नाही. "मंगळवारी चार ते सहा मी येऊन बसते, तुम्ही बाहेर जा" असं वार आणि वेळ ठरवून सांगा, आणि त्या मंगळवारी खरंच जा.