बर्लिनच्या दारावरची पाटी

येत्या जानेवारीत नोकरीसाठी नाशिकहून बर्लिनला जाताना भारतीय सहकाऱ्यांच्या जवळच घर घ्यावे का, आणि आपण परके आहोत ही भावना किती दिवसांत जाते, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१६ साली साताऱ्याहून इथे आले, त्या अनुभवावरून लिहिते.

बर्लिनमध्ये भाड्याचे घर मिळणेच इतके अवघड आहे की शेजार निवडण्याची संधी बहुधा येणार नाही. मात्र त्या पत्त्यावर सरकारी नोंद करता येईल याची घरमालकाकडून लेखी खात्री करून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि तुमचा करक्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो.

यापुढची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. इथल्या फ्लॅटना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन पत्रपेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो आणि नाव दिसले नाही तर ते परत पाठवतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच राहिले होते, त्यामुळे माझे करक्रमांकाचे पत्र परत गेले. त्या संध्याकाळी मी वहीचा कागद कापून त्यावर रोमन लिपीत 'जाधव' लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर व घंटीवर लावले. पण जर्मन वाचताना त्यातल्या 'ज'चा 'य' आणि शेवटच्या 'व'चा 'फ' होतो. दवाखान्यात 'फ्राउ (श्रीमती) याधाफ' अशी हाक आली की ती आपल्यालाच आहे हे मला कितीतरी महिने कळत नसे, आणि कळल्यावर पोटात तुटायचे.

परकेपण किती दिवसांत जाईल हे मी सांगू शकत नाही, पण माझे कशाने कमी झाले ते सांगते. आपण घरी नसलो की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून त्याच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकण्याची इथे पद्धत आहे. अशी एक चिठ्ठी घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या आजींची घंटी वाजवली. माझे मोडकेतोडके जर्मन ऐकूनही त्या सावकाश जर्मनच बोलत राहिल्या, आणि दिवाळीत शंकरपाळे घेऊन गेले तेव्हा माझे आडनाव नीट कसे म्हणायचे ते त्यांनी चार वेळा म्हणवून घेतले.

गणेशोत्सवाला मराठी मंडळींत जरूर जा, मनसोक्त बोलायला मिळते. परंतु माझी पहिली दोन वर्षे प्रत्येक सुट्टी तेवढ्याच घरांत गेली आणि शहर अनोळखीच राहिले.

मला तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीची काळजी अधिक वाटते. तुम्हाला ऑफिस असेल आणि तिथे कदाचित इंग्रजीवर भागेलही. त्यांच्या वाट्याला मात्र चार-साडेचारलाच अंधारणारे दिवस आणि दुकाने बंद असणारे रविवार येतील. 'फोक्सहोखशूल' ही सार्वजनिक शिक्षणसंस्था शहराच्या बाराही विभागांत आहे; तिच्या जर्मन वर्गात त्यांचे नाव शक्य तितक्या लवकर घाला, कारण त्यांच्या स्वतःच्या ओळखी तिथूनच सुरू होतील. त्यांचे आडनाव तुमच्यापेक्षा वेगळे असेल, तर पहिल्याच आठवड्यात पेटीवर आणि घंटीवर दोन्ही आडनावे लावा.