सिस्टरांना विचारा : पांढरी गोळी, गुलाबी गोळी

प्रश्न : सिस्टर, दिवाळीनंतर एका रात्री दोन वाजता मामाजींच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या गाडीनं तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी म्हणाले, एक पांढरी, एक गुलाबी. मामाजी आता बरे आहेत, पण ती रात्र डोळ्यांसमोरून जात नाही. पुन्हा अशी वेळ आली तर काय तयारी ठेवू?
– एक सून, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, हे उत्तर मी कॅज्युअल्टीत 31 वर्षं ऐकलं. यात तुमची चूक नाही. हातात पैसे असतील तेवढ्याच गोळ्या आपण घेतो. मेडिकलवाला गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, कापून देतो आणि गोळीचं नाव नेमकं दुकानातल्या तुकड्यावर राहतं. तेव्हा पत्ता कापायच्या आधी तिथंच मोबाईलवर त्याचा फोटो काढा. डॉक्टर उगाच विचारत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे की नाही, यावर पुढचं इंजेक्शन ठरतं. शुगरची गोळी घेऊन माणूस न जेवता झोपला असेल, तर साखर उतरूनही बेशुद्ध पडतो.

दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी अडकवून ठेवा. तिच्यात चालू गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, चार्जर. घरात कुणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर त्याचं कार्ड. मामाजींचा जुना ईसीजी असेल तर तो आवर्जून ठेवा. नवी पट्टी जुनीशी ताडून पाहिली की बिघाड आजचा की आधीचा, हे डॉक्टरांना कळतं. पण तो कागद काही महिन्यांत पुसट होतो. त्याची झेरॉक्स आजच काढा.

पिशवी विसरली तर मात्र अर्ध्या वाटेतून परत फिरू नका. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, कागद आणि पोलीस नंतर, असं सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच सांगितलंय.

108 ला फोन लावाल तेव्हा गावाच्या नावासोबत तालुकाही सांगा. पिंपरी आणि पिंपळगाव आपल्याकडं किती आहेत, तुम्हीच मोजा! एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. आणि दुखायला लागलं तेव्हाचं घड्याळ पाहा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ सांगा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, काही घालू नका. ते श्वासनळीत जातं.

तुमच्याकडं कपाशी आहे, म्हणून फवारणीचंही सांगते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या ड्युटीत एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. नवऱ्याच्या तोंडाला फेस, घामानं निथळलेला. तिनं पदराची गाठ सोडली आणि औषधाची रिकामी बाटली टेबलावर ठेवली. लेबल चिखलानं माखलेलं, पण नाव वाचता येत होतं. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा, काहींना तर उताराच नाही. त्या नावामुळं डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागलं नाही. अशा वेळी भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, बाटली सोबत घ्या. उलटी करवू नका.

साप चावला तर उलट. सापाच्या मागं धावू नका, त्याला मारून आणायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. करकचून दोरी बांधू नका, चिरा मारू नका. चावलेला पाय हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा.

आज संध्याकाळी मामाजींचा गोळ्यांचा डबा उघडा. ज्या तुकड्यावर नाव नाही, तो घेऊन मेडिकलवाल्याकडं जा आणि नाव लिहून आणा.