'शार्पशूटर', 'स्कर्मिशर', 'स्नायपर': तिघेही 'नेमबाज'च का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१–१८६५) पायदळाबद्दलचा मजकूर मराठीत आणताना या तिन्ही शब्दांना सरसकट 'नेमबाज' म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. पहिला शब्द माणसाचं कसब सांगतो, आणि पुष्कळदा फक्त तुकडीचं नाव असतो. दुसरा त्या माणसाला त्या दिवशी दिलेलं काम सांगतो. तिसरा तर त्या काळच्या कागदपत्रांत शोधायलाच जाऊ नये.

'शार्पशूटर' जसाच्या तसा ठेवला, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सुपारी घेणारा गुंड उभा राहतो. वृत्तपत्रांनी त्या शब्दाची तशी वाट लावली आहे. नुसतं 'नेमबाज' म्हटलं की पदक घेऊन उभा असलेला खेळाडू दिसतो. म्हणून 'निवडक नेमबाज' म्हणावं. 'निवडक' हे विशेषण इथे शोभेचं नाही. उत्तरेच्या (संघराज्याच्या) सैन्यात हायरम बर्डन या अधिकाऱ्याच्या दोन रेजिमेंटांत भरती व्हायचं तर आधी परीक्षा होती: २०० यार्डांवरून, बंदूक टेकवून, दहा गोळ्या, प्रत्येक छिद्राचं केंद्रापासूनचं अंतर मोजून त्यांची बेरीज ५० इंचांच्या आत यायला हवी. म्हणजे सरासरी पाच इंच.

पण तुकडीच्या नावावरून माणसाचं कसब ठरवायला गेलात की फसलात. उत्तरेतल्या मिशिगन राज्याची पहिली शार्पशूटर्स रेजिमेंट नावाने नेमबाजांची, लढली मात्र बरीचशी साध्या पायदळासारखी, साध्या पायदळाच्याच बंदुका घेऊन. म्हणून विशेषनामात 'शार्पशूटर्स' तसंच ठेवा. भाषांतर सामान्यनामाचं करा. दक्षिणेकडे उलटी अडचण. दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्यातल्या शार्पशूटर बटालियनी बहुधा ब्रिगेडमधल्याच रेजिमेंटांतून माणसं वेचून उभारलेल्या. हजेरीपटावर तो शिपाई मूळ रेजिमेंटमध्येच असतो. 'शार्पशूटर' असा शोध घेऊन तो सापडत नाही, आणि मग नोंदच नाही असा गैरसमज होतो.

व्युत्पत्तीची एक लोणकढीही इथेच निकालात काढू. 'शार्प्स' रायफलवरून 'शार्पशूटर' आला, असं ठोकून दिलं जातं. बर्डनच्या माणसांकडे शार्प्स रायफली होत्या हे खरं. पण ख्रिश्चन शार्प्सचं पेटंट १८४८ चं, आणि शब्द नेपोलियनच्या काळापासून इंग्रजीत रुळलेला. जर्मनमधला 'शार्फश्युत्झ' त्याहून जुना.

आपल्याकडे या कामाला जवळचे शब्द 'अंदाज'वाले: तिरंदाज, गोलंदाज, बरकंदाज. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे; त्यातून हा '-अंदाज' आला, आणि अदमास या अर्थाचा 'अंदाज'ही त्याच घरातला. गोलंदाजाला क्रिकेटने पळवलं, बरकंदाज (बंदूकधारी शिपाई) विस्मरणात गेला. पण १८६१ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीपुरतं फेकणं आणि अंदाज हे नातं शब्दशः खरं आहे. तिच्या दृष्टिपट्टीवर (नेम धरायच्या पट्टीवर) १००, ३०० आणि ५०० यार्ड एवढेच टप्पे. तिच्या निमुळत्या शिशाच्या 'मिनी' गोळीचा वेग कमी, त्यामुळे ती चांगलीच कमान घेते. पट्टी ३०० वर ठेवून कमरेवर नेम धरला, तर मधल्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून गोळी निघून जाते. डोळा कितीही तीक्ष्ण असो, अंतराचा अंदाज चुकला की बार फुकट.

आता 'स्कर्मिशर'. कोश 'चकमक' देतात. तिचा मूळ अर्थ गारगोटी-पोलादाची ठिणगी, आणि लढाईच्या अर्थाने ती 'झडते' किंवा 'उडते' हे किती नेमकं! पण 'चकमकी करणारा सैनिक' म्हटलं की आज पोलिसी चकमक आठवते. 'बिनी' हा अस्सल मराठी लष्करी शब्द मोहात पाडतो, पण बिनी म्हणजे फौजेची अख्खी आघाडी. इथे मुद्दा रचनेचा आहे. मुख्य फळीत खांद्याला खांदा. तिच्यापुढे स्कर्मिशर चौघाचौघांच्या गटात, माणसामाणसांत पाच-पाच पावलं सोडून, आणि दोन गटांत ४० पावलांहून जास्त अंतर पडू न देता. जोडीतल्या एकाने बार काढायचा तो दुसऱ्याची बंदूक भरलेली असतानाच, दोन्ही एकदम रिकाम्या होता कामा नयेत. म्हणून माझं मत 'विरळ फळी', आणि माणूस 'विरळ फळीतला शिपाई'. लांबट आहे, पण चित्र चुकत नाही.

'स्नायपर' हिंदुस्थानातलाच. 'स्नाइप' म्हणजे पाणलावा. चिखलातून उठून वेडीवाकडी झेप घेणारा हा पक्षी टिपण्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिकारीतून तो शब्द निघाला. रणांगणावरचा मारेकरी या अर्थाने तो सर्वतोमुखी झाला पहिल्या महायुद्धात. १८६४ च्या ९ मे रोजी स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेच्या जनरल सेजविकला टिपणारा म्हणून 'शार्पशूटर'च; मराठीत 'दक्षिणेचा निवडक नेमबाज'.

जाता जाता दोन क्रियापदं. 'डिप्लॉय'ला हात आपोआप 'तैनात करणे'कडे जातो. कवायतीच्या पुस्तकात त्याचा अर्थ दाट रांग उलगडून पसरणे. आणि 'रॅली' म्हणजे मोर्चा नव्हे; पांगलेल्यांनी पुन्हा एकत्र येणे. तेव्हा 'शार्पशूटर्स डिप्लॉइड अ‍ॅज स्कर्मिशर्स, देन रॅलीड ऑन द रिझर्व्ह' याचं मराठी असं व्हावं: 'निवडक नेमबाज विरळ फळीत पसरले आणि नंतर मागच्या राखीव तुकडीपाशी गोळा झाले.'