वाचकांचे प्रश्न : माया संस्कृतीचा अर्थ लावताना

प्रश्न : मध्य अमेरिकेतील प्राचीन माया राजांची नावे, त्यांच्या राज्यारोहणाच्या तारखा आणि त्यांची युद्धे यांविषयी हल्ली फार ठामपणे लिहिले जाते. जंगलात गडप झालेल्या शहरांबद्दल इतकी खात्री कशी बाळगता येते? त्यात अभ्यासकांच्या कल्पनाशक्तीचा वाटा किती?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण कल्पनाशक्तीने या अभ्यासाची पूर्वी चांगलीच दिशाभूल केलेली आहे. होंडुरासमधील कोपान येथे एक चौकोनी दगडी चौथरा आहे. पुरातत्त्वज्ञ त्याला 'वेदी क्यू' म्हणतात. त्याच्या चारही बाजूंवर प्रत्येकी चार, अशा सोळा बसलेल्या व्यक्ती कोरलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दृश्याचा अर्थ 'कालगणना जुळवण्यासाठी भरलेली ज्योतिर्विदांची परिषद' असा लावला जात असे. माया लेखांतील आकडे आणि तारखा तेवढ्या उलगडल्या होत्या, उरलेला मजकूर मुका होता. त्यामुळे ग्रहताऱ्यांत आणि कालगणनेत रमलेल्या शांतताप्रिय पुरोहितांचे चित्र सिल्व्हेनस मॉर्ली आणि एरिक थॉम्प्सन यांच्यासारख्या मातब्बर अभ्यासकांनाही पटले होते.

या चित्राला तडा गेला तो तात्याना प्रॉस्कुरियाकॉफ यांच्या १९६० मधील शोधनिबंधामुळे. ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांचे गट पाडल्यावर त्यांच्या लक्षात आले की, कोणत्याही एका गटातील तारखांचा पल्ला माणसाच्या आयुर्मानापलीकडे जात नाही. म्हणजे त्या तारखा देवांच्या किंवा ग्रहांच्या नसून माणसांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या असल्या पाहिजेत. हे अनुमान त्यांनी लेखातील शब्दांचे उच्चार माहीत नसताना केले, आणि माझ्या मते या क्षेत्रातील इतके स्वच्छ अनुमान दुसरे नाही. माया लिपीत उच्चार दाखवणारी अक्षरचिन्हे आहेत असे युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्येच मांडले होते. ती दिशा पुढे मान्य झाली आणि लेख प्रत्यक्ष वाचता येऊ लागले. कोपानचे 'ज्योतिर्विद' हे त्या घराण्याचे ओळीने सोळा राजे ठरले. इ.स. ४२६ मध्ये सत्ता प्रस्थापित करणारा किनिच याश कुक मो हा, इ.स. ७७६ मध्ये वेदी उभारणाऱ्या सोळाव्या राजाला, याश पासाहला, राजचिन्ह देतो आहे, असे ते दृश्य आहे.

लेख वाचता आला म्हणजे तो खरा ठरला, असे मात्र नाही. साडेतीनशे वर्षांनंतरच्या राजाने आपल्या घराण्याच्या मूळपुरुषाविषयी कोरवलेला मजकूर हा आधी त्या राजाचा दावा असतो. म्हणूनच कोपानच्या राजवाडा-मंदिर संकुलाखाली बोगदे खणून केलेल्या उत्खननाला महत्त्व आहे. एकावर एक बांधलेल्या इमारतींच्या तळाशी, पाचव्या शतकातील थरात, एका वयस्क पुरुषाची वैभवशाली कबर मिळाली. त्याच्या उजव्या हाताचे हाड मोडून वेडेवाकडे जुळलेले होते आणि वेदीवरील संस्थापकाच्या उजव्या हातावर लहान ढाल दाखवलेली आहे. दातांनी आणखी एक धागा पुरवला. माती आणि पाण्यातील स्ट्रॉन्शियम अन्नावाटे बालपणी दातांच्या आवरणात उतरते व तेथेच टिकते. या माणसाच्या दातांतील प्रमाण कोपानच्या मातीशी जुळत नव्हते. संस्थापक बाहेरून आला असे वेदीवरील लेखही सुचवतो. तो सांगाडा त्याचाच आहे हे आजही अनुमानच आहे, परंतु लेख, हाडे आणि थर हे परस्परांपासून स्वतंत्र असलेले पुरावे एकमेकांना खोडू शकत होते आणि त्यांनी तसे केले नाही. ज्या विधानामागे अशी पडताळणी आहे, त्यावर विश्वास ठेवावा; जे केवळ एका शिल्पावर उभे आहे, त्याबाबत सावध राहावे.

प्रश्न : हा सगळा इतिहास राजांचाच झाला. सामान्य लोकांविषयी काही कळते का?

उत्तर : कळते, पण ते शिलालेखांतून नव्हे. एल साल्वादोरमधील होया दे सेरेन हे शेतकऱ्यांचे गाव सातव्या शतकाच्या सुमारास जवळच्या लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि १९७६ मध्ये धान्यकोठारांसाठी जमीन सपाट करताना उघडकीस आले. पेसन शीट्स यांच्या उत्खननात घरांच्या मातीच्या भिंती, गवती छपरांचे अवशेष आणि भांड्यांत राहिलेले घेवड्याचे दाणे मिळाले. राखेतील झाडे कुजून उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतल्यावर मक्याची ताटे आणि कसाव्याचे कंद आकारासह हाती आले. ज्वालामुखी काचेची धारदार पाती छपराच्या गवतात खोचून ठेवलेली होती, बहुधा मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून. घराघरांत रंगीत नक्षीची भांडी होती, त्यामुळे शेतकरी म्हणजे राजाच्या दयेवर जगणारा दरिद्री वर्ग, हे सरसकट चित्र येथे टिकत नाही. गाव माया प्रदेशाच्या आग्नेय सीमेवर असल्याने येथील निष्कर्ष टिकालसारख्या मोठ्या शहराला जसेच्या तसे लावणे मात्र चुकीचे ठरेल.

प्रश्न : आता विमानातून लेसरच्या साहाय्याने जंगलाखालचे सारे काही दिसते. मग खोदकामाची गरज उरली आहे का?

उत्तर : उरली आहे, किंबहुना वाढली आहे. उत्तर ग्वाटेमालातील २,१०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशाच्या लायडार, म्हणजे विमानातून लेसरने केलेल्या, सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६१,४८० बांधकामे नोंदली गेली आणि इ.स. ६५० ते ८०० या काळात मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी, असा अंदाज मांडला गेला. त्या दोन आकड्यांमधील अंतर बोलके आहे. लेसरला जमिनीचा उंचसखलपणा कळतो; एखादा उंचवटा घराचा आहे की कोठाराचा, त्यात कोणत्या शतकात माणसे राहत होती आणि शेजारची घरे त्याच वेळी वसलेली होती की ओस पडली होती, हे त्याला कळत नाही. ती उत्तरे जोत्याखालच्या खापरांतून आणि कोळशाच्या कालमापनातूनच मिळतात, आणि नोंदलेल्या उंचवट्यांपैकी फारच थोडे आजवर खणले गेले आहेत.